स्लोवर बंद पडणारी बाइक आणि पेट्रोलमध्ये टाकायचं औषध: नवीन माणसाने नेमकं काय करायचं

रेस दिली की गाडी मस्त पळते, पण थ्रॉटल म्हणजे रेसची मूठ सोडली, गाडी नुसती स्लोवर आली, की घरघर करते आणि बंद. सिग्नलला बंद, फेरीबोटीच्या रांगेत बंद, म्हापशाच्या बाजारात मागे गाड्यांची रांग लागलेली असताना बंद. मग तुम्ही डाव्या हाताने क्लच दाबून उजव्याने कायम थोडी रेस देत उभे राहता, पेट्रोल जळतं ते वेगळंच. जुनी कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) गाडी पहिल्यांदा हातात आलेल्या पोरापोरींना हा त्रास होतोच, आणि कुणीतरी सांगतं की अरे टाकीत एक बाटली ॲडिटिव्ह टाक, कार्बोरेटर आतून साफ होतो. ते खरंही आहे आणि अर्धवटही आहे, म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहितोय.

आधी तुमची गाडी कार्बोरेटरवाली आहे ना ते बघा. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हा गाड्यांच्या धुराचा सरकारी नियम लागू झाला आणि त्यानंतरच्या जवळजवळ सगळ्या बाइक स्कूटर एफआय म्हणजे कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाल्या आहेत, त्यांच्यासाठी हा लेख नाही. जुनी स्प्लेंडर, पॅशन, पल्सर, युनिकॉर्न, जुनी ॲक्टिव्हा, जुनी बुलेट, आरएक्स १०० असलं काही असेल तर वाचा.

स्लोचा रस्ता वेगळा असतो

हे एक समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. कार्बोरेटरच्या खाली एक छोटी वाटी असते, तिला फ्लोट बाउल म्हणतात, टाकीतलं पेट्रोल आधी तिच्यात येऊन साठतं. त्या वाटीतून पेट्रोल वर जायचे दोन रस्ते. मोठी रेस दिली की मेन जेटमधून (जेट म्हणजे बारीक भोक असलेला छोटा तुकडा) जातं, आणि थ्रॉटल बंद असताना किंवा अगदी थोडा उघडलेला असताना पायलट जेटमधून, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक स्लो जेट म्हणतात. या स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, शिवणाची सुई सुद्धा त्यात जाणार नाही. म्हणून कचरा, गंज, जुन्या पेट्रोलचा चिकटा काहीही आलं की पहिलं तेच तुंबतं आणि मेन जेट मात्र चालू राहतं. रेसवर पळते, स्लोवर मरते, ते यामुळे.

गोव्यात हा त्रास जास्त का होतो तर एक पाऊस आणि दुसरं खारी दमट हवा. जून ते सप्टेंबर गाडी अंगणात उभी, वरून प्लास्टिक टाकलेलं, टाकी अर्धी रिकामी, त्या रिकाम्या जागेतल्या हवेतला ओलावा टाकीच्या आतल्या पत्र्यावर थेंब होऊन बसतो आणि खाली उतरतो. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल असतं, इथेनॉल पाणी धरून ठेवतं, थोडं असेल तर विरघळवून इंजिनमध्ये जाळूनही टाकतं, पण पाणी प्रमाणाबाहेर झालं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला जाऊन बसतात. आणि कार्बोरेटरला पेट्रोल जातं ते टाकीच्या तळाकडूनच.

औषध आणायच्या आधी हे बघा

मी स्वतः या बाबतीत एकदा फसलोय म्हणून जरा जोरात सांगतो. माझी १०० सीसीची २००९ सालची गाडी स्लोवर बंद पडायची, एका गॅरेजला दिली, तिथल्या पोराने दोन मिनिटांत बाजूचा एक स्क्रू फिरवला आणि गाडी परत दिली. बंद पडायची थांबली खरी, पण न्यूट्रलमध्ये सुद्धा जोरजोरात ओरडायची, गिअर टाकला की धाडकन झटका, आणि साखळी गावाच्या उतारावर थ्रॉटल पूर्ण सोडला तरी गाडी म्हणावी तशी हळू होईना. त्या पोराने फक्त आयडल स्क्रू आत घालून स्लो वाढवून दिला होता, आजार तसाच आत. म्हणून स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

पहिलं, पेट्रोल कधीचं आहे? दोन तीन महिने उभी असलेली गाडी असेल किंवा रस्त्याकडेला पाण्याच्या बाटलीत मिळतं ते पेट्रोल भरलं असेल तर संशय तिथेच घ्यायचा. टाकीचं झाकण उघडून वास घ्या, जुन्या पेट्रोलला जरा आंबूस, व्हार्निशसारखा वास येतो, नवीन पेट्रोलसारखा नाकात जाणारा तिखट वास राहत नाही.

दुसरं, एअर फिल्टर. उन्हाळ्यात धुळीने आणि पावसाळ्यात ओला होऊन तो तुंबतो. फिल्टर तुंबलेला असेल तर जगातलं कुठलंही औषध टाका, काही होणार नाही. स्पार्क प्लगही काढून बघा, काळाकुट्ट काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा फटक असेल तर कमी जातंय, विटकरी रंग म्हणजे ठीक.

तिसरं म्हणजे चोकची टेस्ट (चोक ओढला की इंजिनला पेट्रोलचं प्रमाण जास्त मिळतं), ही मला फार आवडते कारण फुकट आहे आणि खरं सांगते. इंजिन गरम झाल्यावर स्लोवर सोडा आणि हळूच अर्धा चोक ओढा. चोक ओढल्यावर गाडी सुधारली, बंद न पडता चालायला लागली, तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे स्लो जेट तुंबलेलं किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरतेय. चोक ओढल्यावर गुदमरून लगेच मेली तर पेट्रोल आधीच जास्त आहे, तिथे फिल्टर, फ्लोट (वाटीत पेट्रोल भरलं की ते थांबवणारा तरंगता भाग), ओव्हरफ्लो असलं बघायचं, औषधाचं काम नाही.

जादा हवा शिरतेय का हे बघायला कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधला रबरी जॉइंट बघा, जुन्या गाड्यांचा हा रबर कडक होऊन बारीक चिरा पडतात. गाडी स्लोवर ठेवायची आणि झाडांना पाणी मारायचा छोटा स्प्रे असतो त्याने जॉइंटवर पाण्याचा हलका फवारा मारायचा, आवाज बदलला तर हवा तिथूनच जातेय. काही लोक तिथे कार्बोरेटर क्लीनर किंवा पेट्रोल मारून बघतात, गरम इंजिनवर ते पेट घेऊ शकतं, पाण्यानेच करा. रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता वरच लोंबकळत राहतो ती पण याच फटीची खूण.

आणि गाडी थंड असताना स्लोवर बरी चालते पण तापली की बंद पडते असं असेल तर आधी टॅपेट म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट चेक करून घ्या, टाइट टॅपेटची गाडी असंच करते.

वाटी रिकामी करून बघा

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या गाड्या माझ्या अनुभवात इथेच सुधारतात. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, जागा उघडी पाहिजे, जवळ सिगरेट नको, तुळशीकडे दिवा लावलेला असेल तर त्या बाजूला अजिबात करू नका. टाकीखालचा पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक ऑफ करा. फ्लोट बाउलच्या तळाला किंवा खालच्या बाजूला एक ड्रेन स्क्रू असतो, तिथून बारीक नळी खाली गेलेली असते, त्या नळीचं टोक एका स्वच्छ काचेच्या बरणीत सोडा, स्क्रू एक दीड फेरा सैल करा, पूर्ण काढू नका. वाटीतलं पेट्रोल बरणीत येईल. लोणच्याची छोटी बरणी धुऊन एकदम कोरडी करून घेतलेली बेस्ट, प्लास्टिकचा कप नको.

आता बरणी उजेडात धरून हळू हलवा आणि पाच मिनिटं ठेवून द्या. मी पहिल्यांदा हे केलं ते आमच्या घरच्या सोप्यावर म्हणजे ओसरीवर बसून, जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. पेट्रोलच्या खाली पाण्याचे गोल गोल मणी, अळवाच्या पानावर पळतात ना तसे, बरणी तिरकी केली की इकडून तिकडे सरकत होते आणि त्यांच्या बाजूला विटकरी रंगाची बारीक पूड बसलेली, ती टाकीतला गंज. तेव्हा मला कळलं की मी महिनाभर उगाच स्पार्क प्लग बदलत बसलो होतो.

बरणीत असं पाणी दिसलं तर कॉक दोन सेकंद ऑन करून परत थोडं पेट्रोल वाहू द्या, स्वच्छ येईपर्यंत. वाहत राहिलं तरी पाणीच येत असेल तर टाकीत भरपूर पाणी आहे, टाकी पूर्ण रिकामी करायलाच पाहिजे, ॲडिटिव्ह टाकून ते पाणी नाहीसं होत नाही. अजून एक, गाडी रिझर्व्हला लावली की लगेच मिसिंग मारायला, म्हणजे अडखळायला, लागते का बघा. ऑनवर पेट्रोल टाकीत थोडं वर उभ्या असलेल्या नळीतून येतं आणि रिझर्व्हवर एकदम तळातून, म्हणून तळाला बसलेलं पाणी आणि गंज रिझर्व्हलाच बाहेर पडतो. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरना हा हाताने फिरवायचा कॉक बहुतेक नसतोच, तिथे हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या.

बरणीतलं पेट्रोल गटारात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका, विहिरीचं पाणी पिणारे लोक आहोत आपण. झाकण लावून गॅरेजला द्या, त्यांना पार्ट धुवायला लागतं.

आता औषध कुठलं

पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या दुकानात एकाच फळीवर असतात पण कामं वेगळी. आपल्याला पाहिजे ते फ्युएल सिस्टम क्लीनर किंवा कार्बोरेटर क्लीनर, पण टाकीत टाकायचं. त्यात डिटर्जंट असतं, चांगल्या मालात बऱ्याचदा पॉलिइथरअमाइन, बाटलीवर पीईए असं लिहिलेलं असतं. हे जेटमधला चिकटा हळूहळू सैल करतं. ऑक्टेन बूस्टर घेऊ नका, त्याचा आणि स्लोचा काही संबंध नाही. पाणी घालवायचं म्हणून विकतात ते बहुतेक अल्कोहोल असतं, आणि आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के अल्कोहोल आधीच आहे, त्यामुळे त्यावर पैसे घालवायची मला तरी गरज वाटत नाही. फ्युएल स्टॅबिलायझर गाडी उभी ठेवायच्या आधी टाकायचं असतं, आजारी गाडीला टाकून उपयोग नाही.

आणि स्प्रेच्या डब्यातला कार्बोरेटर क्लीनर हा वेगळा प्रकार, तो खोललेल्या कार्बोरेटरवर मारायचा, टाकीत ओतायचा नाही. खोलून मारतानाही रबराचा डायफ्राम, ओ-रिंग बाजूला काढूनच मारा, नाहीतर रबर फुगतं. रॉकेल, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी हे सगळं सांगणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका.

किती टाकायचं

बाटलीवर लिहिलेलं असतं तेवढंच. बऱ्याच बाटल्या गाडीच्या म्हणजे कारच्या ४०-५० लिटरच्या टाकीसाठी असतात आणि आपल्या बाइकची टाकी १० ते १५ लिटरची, तिथेच लोक चुकतात, अख्खी बाटली ओततात. साधा त्रैराशिक हिशेब आहे. समजा बाटलीवर लिहिलंय ३०० मिली ६० लिटरला, म्हणजे लिटरला ५ मिली. तुम्ही टाकीत ४ लिटर पेट्रोल ठेवणार तर २० मिली. फार्मसीत २० मिलीची सिरिंज मिळते, सुई काढून टाका, तिने बरोब्बर मोजता येतं आणि हाताला पण लागत नाही.

जास्त टाकलं की लवकर साफ होतं असं नाही. एकदम जास्त डोस गेला की जुन्या टाकीतला सगळा मळ एकाच वेळी सुटतो आणि तो येऊन त्याच बारीक भोकात बसतो, आधी अर्धं तुंबलेलं जेट पूर्ण तुंबतं. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरला येणाऱ्या नळीत छोटा पारदर्शक पेट्रोल फिल्टर नसेल तर आधी तो बसवून घ्या, स्वस्त असतो आणि मेकॅनिक दहा मिनिटांत लावतो.

टाकायचं कसं ते आता. टाकीतलं जुनं पेट्रोल शक्य तेवढं संपवा किंवा काढा. पंपावर जाऊन आधी औषध टाका आणि मग त्यावर पेट्रोल भरा, म्हणजे पेट्रोलच्या धारेने नीट मिसळतं. गर्दीच्या पंपावर त्यासाठी पुढच्याला थांबवत बसू नका, घरूनच निघताना टाकून निघालात तरी चालेल, पंप जवळ असेल तर.

मग खरी युक्ती. लोक औषध टाकतात आणि थेट हायवेला जाऊन ७०-८० ने पळवून येतात, म्हणजे सगळं औषध मेन जेटमधून गेलं जे तुंबलेलंच नव्हतं! स्लो जेटमधून औषध जायला पाहिजे तर थ्रॉटल कमी पाहिजे. आधी दहा मिनिटं साधी चालवा म्हणजे औषधवालं पेट्रोल वाटीपर्यंत पोचेल, मग गावातल्या गावात, वाड्यावरून, दुसऱ्या तिसऱ्या गिअरला अगदी हलक्या हाताने अर्धा तास चालवा. मी साखळीहून हरवळ्याच्या धबधब्याकडे जाऊन येतो, रस्ता बारीक आहे, जोरात जाताच येत नाही. घरी आलात की पाच सात मिनिटं स्लोवर चालू ठेवा, बंद पडत असेल तर थोडा चोक लावून ठेवा, आणि उघड्यावरच हा, बंद गॅरेजमध्ये नको, धूर विषारी असतो.

नंतर गाडी बंद करा, कॉक ऑफ करा आणि रात्रभर तशीच ठेवा. स्लो जेटचं खालचं टोक वाटीतल्या पेट्रोलमध्ये बुडालेलं असतं, त्यामुळे रात्रभर तो चिकटा भिजतो, तवा भिजत घालतो तसंच. सकाळी ड्रेन स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल काढून टाका, म्हणजे सुटलेला मळ परत वर जाणार नाही, मग कॉक ऑन करून ताजं येऊ द्या आणि गाडी काढा. असं तीन चार दिवस.

फरक एका रात्रीत दिसेल असं समजू नका. माझ्या गाडीला ती टाकी संपत आली तेव्हा फरक जाणवला, आधी चोक लवकर काढता यायला लागला, मग स्लोवरची घरघर कमी झाली. दोन टाक्या झाल्या आणि काहीच फरक नाही तर तिसरी बाटली आणू नका. जेट पूर्ण बंद असेल तर त्यातून पेट्रोलच जात नाही, मग पेट्रोलमधलं औषध तरी कसं जाणार? तिथे कार्बोरेटर खोलून, जेट काढून, क्लीनरने आणि हवेच्या प्रेशरनेच साफ करायला पाहिजे. मेकॅनिकला स्पष्ट सांगा की दादा स्लो जेट काढून साफ करा आणि तारेने कोरू नका, तारेने भोक मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर पेट्रोल पिते.

स्क्रूला हात आता लावा

साफ झाल्यावर सेटिंग बदलणारच, म्हणून शेवटी हे काम. इंजिन दहा मिनिटं चालवून गरम करा. दोन स्क्रू असतात, एक आयडल स्क्रू जो फक्त थ्रॉटल किती उघडा राहणार ते ठरवतो, दुसरा हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा. मिश्रणाचा स्क्रू हलवण्याआधी तो आत्ता किती फेरे उघडा आहे ते मोजा, म्हणजे हलक्या हाताने आत घालत फेरे मोजायचे आणि वहीत लिहायचे आणि तेवढाच परत उघडायचा. आत जाऊन टेकला की थांबा, जोर लावला तर टोक खराब होतं.

आयडल स्क्रूने स्लो थोडा वर घ्या. मग मिश्रणाचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवा, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून ऐका. जिथे आवाज सगळ्यात वर आणि एकसारखा लागतो तिथे सोडा, मग आयडल स्क्रूने स्लो खाली आणा. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक बाइकना साधारण १४०० आरपीएमच्या आसपास लागतं, जुन्या बुलेटला खूपच कमी. मीटर नसेल तर कानाने, धाप न लागता आणि न ओरडता चाललं पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, आवाज वाढला तर थ्रॉटलची केबल ताणलेली आहे, ती आधी सैल करायची नाहीतर सगळं सेटिंग खोटं.

पावसाळ्याच्या आधी

गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल, कुणी बोटीवर जातं, कुणी पुण्याला शिकायला, तर जायच्या आधी ताजं पेट्रोल टाकी पूर्ण भरून त्यात स्टॅबिलायझर टाका, पाच दहा मिनिटं चालवा, मग कॉक ऑफ करून गाडी स्लोवर आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा आणि वाटीत उरलेलं ड्रेन करा. वाटी कोरडी असेल तर चिकटा धरायला काही उरतच नाही. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर बदला, पावसाचं पाणी तिथूनच आत जातं, वरून प्लास्टिक गुंडाळण्यापेक्षा ते रबर महत्त्वाचं. आणि घरी कुणाला तरी चावी देऊन ठेवा, फक्त सुरू करून दोन मिनिटांत बंद करायला नाही, ते उलट वाईट, वाटी परत भरते आणि तशीच राहते. चालवायची तर पंधरा वीस मिनिटं बाजारापर्यंत नेऊन आणायची, आल्यावर परत कॉक ऑफ करून वाटी संपवायची.